रोमची सात चर्चं पायी: एवढा एक किलोमीटर बसने करा

रोममधली सात चर्चची वाट 'शांत, हिरवीगार, निवांत' आहे असं ज्यांनी लिहिलंय, त्यांनी आपिया या जुन्या रोमन रस्त्यावरचा 'क्वो वादिस' चर्च ते सॅन सेबास्तियानो वेस (त्याच नावाचं चर्च वेगळं) हा तुकडा पायी केलेला नाही. लांबी जेमतेम किलोमीटरभर. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मध्ये अरुंद रस्ता, फुटपाथ नाही, आणि मागून येणारी गाडी आरशाने कोपराला घासून जाते. खंबाटकीच्या बोगद्यातून चालत जायला कुणी सांगितलं तर आपण जाऊ का? गूगलचा नकाशा मात्र तिथून बिनदिक्कत पायवाट दाखवतो, कारण त्याच्या हिशेबी तो जवळचा रस्ता.

साताऱ्या-सांगलीहून जर्मनी, फ्रान्स, इटलीत शिकायला गेलेली पोरं सुट्टीत रोमला जातातच, म्हणून हे तपशिलात. अंतर एकूण वीस किलोमीटरच्या वर. सज्जनगडला साताऱ्याहून पायी जाणाऱ्याला अंतराचं काही वाटणार नाही. त्रास दगडी रस्त्यांचा होतो, त्यामुळे जाड तळव्याचे, आधी वापरलेले बूट घाला. नव्या बुटांनी सॅन पाओलोपर्यंतच फोड येतात.

ही तीर्थयात्रेची वाट 16व्या शतकात फिलिप नेरी या कॅथलिक धर्मगुरूंनी रुळवली. क्रम असा: सेंट पीटर, सॅन पाओलो, सॅन सेबास्तियानो, लॅटरन, सांता क्रोचे, सॅन लोरेंझो, सांता मारिया माजोरे. काही याद्यांत सॅन सेबास्तियानोऐवजी 'दिविनो आमोरे' दिसेल. 2000च्या महोत्सवी वर्षात पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसा बदल केला होता. ते ठिकाण शहराबाहेर, बरंच दक्षिणेला आहे. पायी निघालेल्यांनी जुनीच यादी धरावी.

वार निवडताना चुकू नका. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटरचा चौक अडवलेला असतो, आणि सॅन सेबास्तियानोशेजारचं सॅन कॅलिस्तोचं आवारही बुधवारीच बंद. रविवारी आपिया रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते, पण त्या दिवशी सॅन सेबास्तियानोची भुयारं, म्हणजे जुन्या ख्रिस्ती लोकांची जमिनीखालची दफनभूमी, बंद. गुरुवार किंवा शुक्रवार उत्तम.

सकाळी सातला सेंट पीटरच्या तपासणीच्या रांगेत हजर राहा. प्रवेश फुकट आहे. बाहेर 'रांग टाळा' म्हणत पैसे मागणारे एजंट फुकट जागेचंच तिकीट विकतात. सोबत एखादा हेडफोन देतात आणि त्याचं बिल लावतात. व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट हा वेगळा प्रकार, ते फक्त अधिकृत साइटवरून काढा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. घुमटाच्या 551 पायऱ्या आहेत. लिफ्टचे पैसे भरले तरी 320 चढाव्याच लागतात. चालायचा दिवस असेल तर घुमट दुसऱ्या दिवशी.

पुढे नदीकाठाने सॅन पाओलो, साधारण सहा किलोमीटर, सपाट. यात सांगण्यासारखं काही नाही. जुनी इमारत 1823 च्या आगीत जळाली, आताची नंतर बांधलेली. तिथून गार्बातेल्ला वस्तीतून 'व्हिया देल्ले सेत्ते किएझे', म्हणजे नावानेच सात चर्चचा रस्ता. या वस्तीतच खाऊन घ्या, पुढे दुकानं नाहीत. वजनावर मिळणारा पिझ्झा घ्या, पण तुकडा केवढा ते हाताने दाखवा, नाहीतर विक्रेता तिप्पट कापतो. शाकाहारींनी 'मारिनारा' मागावा, त्यात चीजही नसतं. 'सुप्ली' नावाच्या तळलेल्या भाताच्या गोळ्यात बहुधा मांसाचा रस्सा असतो, विचारल्याशिवाय उचलू नका. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, टेबलावर बसलं की भाव वेगळा. पाणी विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या लोखंडी नळांना तोटी नसते, पण खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते.

आता त्या तुकड्याकडे. वाटेत फोस्से आर्देआतिने लागतं. 24 मार्च 1944 ला नाझींनी तिथे 335 जणांना मारलं, स्मारकाला तिकीट नाही. त्याला लागूनच सॅन सेबास्तियानो. भुयारांचं तिकीट 10 युरोच्या आसपास, गाइडसोबतच आत सोडतात, फोटोला मनाई. खाली भर उन्हाळ्यातही गारवा असतो, पातळ जॅकेट ठेवा. बाहेर आल्यावर आपिया रस्त्याने उत्तरेला जाऊ नका. शेजारच्या सॅन कॅलिस्तोच्या आवारातून झाडांमधला समांतर रस्ता जातो, तो थेट क्वो वादिस चर्चपाशी निघतो. इथे पायी चालणं थांबवा आणि 218 नंबरची बस पकडून लॅटरनला उतरा. 'वारी पायीच' असा हट्ट इथे कामाचा नाही, या वाटेचं कुणी प्रमाणपत्र देत नाही. हट्ट असेलच तर काफारेल्ला उद्यानातून लॅटरनकडे जा. वळसा आहे, पण गाड्या नाहीत.

तिकीट 1.50 युरो, 100 मिनिटं चालतं. बसमध्ये कंडक्टर नसतो आणि त्या थांब्याजवळ दुकानही नाही. बँकेचं कार्ड मशीनवर टेकवलं की भागतं, मात्र प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. चौघांत एकच कार्ड असेल तर तिकिटं सकाळीच तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवा.

लॅटरनला दुपारी पोचा, कारण पुढची सांता क्रोचे आणि सॅन लोरेंझो दुपारी बंद असतात. साडेतीन-चारनंतरच दार उघडतं, आणि रोज कित्येक जण एक वाजता तिथे जाऊन कुलूप बघून येतात. लॅटरनसमोर 'स्काला सांता' हा पवित्र जिना आहे. 28 पायऱ्या, त्या फक्त गुडघ्यांवर चढायच्या, बाजूला चालायचे जिनेही आहेत. मिरजेच्या मिशनची परंपरा प्रेस्बिटेरियन, त्यात हा प्रकार नाही, त्यामुळे आपल्याकडच्या ख्रिस्ती मुलांनाही हे नवंच. गुडघा दुखरा असेल तर सरळ बाजूचा जिना धरा.

तिथून सांता क्रोचे दहा मिनिटांवर. सॅन लोरेंझोवर 19 जुलै 1943 ला बॉम्ब पडले होते. शेवटी रेल्वेखालच्या बोगद्यातून सांता मारिया माजोरे. तिथे 2025 पासून पोप फ्रान्सिस यांच्या कबरीसाठी वेगळी रांग लागते, सहाच्या आत पोचा.

कागदांचं: जर्मनी-फ्रान्सचा रेसिडेन्स परमिट असेल तर इटलीत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ हवेत. इंग्लंड-आयर्लंडवाल्यांना वेगळा शेंगेन व्हिसा. हॉस्टेलच्या बुकिंगमध्ये शहर कर धरलेला नसतो, माणशी दर रात्रीचा वेगळा, आणि बरेच जण तो रोखच मागतात.

शेवटचं चर्च टर्मिनी स्टेशनजवळ आहे. तिथे गोड बोलून मनगटाला धागा बांधायला येतील. हात खिशात ठेवा.