एका अमिनो आम्लाच्या दोन वाटा

ग्रीस चाचणीच्या प्लेटमध्ये रंग चढू लागतो, तो क्षण पाहण्यासाठी मी आजही हातातले काम बाजूला ठेवते. ९६ खाचांची, तळहाताएवढी पारदर्शक प्लेट असते. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळून मारणाऱ्या रक्षक पेशी, ज्यात वाढवतो ते पोषक द्रावण, म्हणजे मीडियम, थोडे थोडे काढून या खाचांत सोडायचे, त्यात आधी सल्फॅनिलामाइडचे आणि मग दुसरे रंग देणारे द्रावण घालायचे, प्लेट दहा मिनिटे अंधारात ठेवायची आणि बाहेर काढायची. ज्या पेशींना काहीच दिलेले नाही, त्यांची ओळ पाण्यासारखी राहते. ज्यांना इंटरफेरॉन-गामा हा लढण्याचा निरोप देणारा रेणू आणि जिवाणूच्या कवचातला लायपोपॉलिसॅकराइड दिलेला असतो, त्यांची ओळ गडद राणी रंगाची होते. आणि ज्या पेशींत आधीच लेश्मानिया हा परजीवी शिरलेला असतो, त्यांना नेमके तेच सारे देऊनही रंग फिकट गुलाबीच राहतो.

हा रंग नायट्राइटचा असतो, आणि नायट्राइट ही नायट्रिक ऑक्साइडची मागे उरलेली खूण असते. नायट्रिक ऑक्साइड हे मॅक्रोफेजचे एक प्रमुख हत्यार आहे. फिकट रंगाचा अर्थ असा, की शत्रू घरात आहे, बाहेरून लढण्याचा निरोप पोहोचला आहे, तरीही पेशी ते हत्यार पुरेसे उगारत नाही. ती का उगारत नाही, याच प्रश्नावर मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काही वर्षे काम केले. तोवर प्रतिकारशक्ती म्हणजे निरोपांची देवाणघेवाण असे माझ्या मनात पक्के बसले होते: कोणत्या रेणूने कोणत्या पेशीला काय कळवले, आणि त्यावर तिने काय केले. पेशीला काय खायला मिळते आणि ती त्याचे काय करते, हा प्रश्न तितकाच मोठा आहे, हे मला लेश्मानियाने शिकवले.

लेश्मानिया हा एकपेशीय परजीवी वालुमाशीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात येतो. भारतात त्याची जी जात काळा आजार घडवते, तिचे नाव लेश्मानिया डोनोवनी. विल्यम लेश्मन यांनी कोलकात्याजवळच्या डमडम येथे आजारी पडून पुढे इंग्लंडमध्ये मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत, आणि चार्ल्स डोनोव्हन यांनी मद्रासमधल्या रुग्णांच्या प्लीहेत, १९०३ साली हे सूक्ष्म गोल कण नोंदवले, आणि दोघांच्याही नावांची आठवण राहील असे नामकरण रोनाल्ड रॉस यांनी केले. जिम्सा रंगाने रंगवलेली काच शंभर पटींच्या तेलाच्या भिंगाखाली पाहिली, की हे कण आजही तसेच दिसतात: दोन ते चार मायक्रॉनचे, प्रत्येकात एक जांभळे केंद्रक आणि त्याच्या शेजारी एक आखूड गडद काडी. एकेका मॅक्रोफेजमध्ये असे पाच, दहा, कधी वीस कण दाटीने बसलेले असतात. ते बसलेले असतात ती जागा म्हणजे पेशीचे पोट, जिथे आम्ल आणि पाचक विकरे सोडून गिळलेले जंतू नष्ट करायचे असतात. इतर बहुतेक जंतू त्या जागेतून निसटायचा किंवा ती जागा तयारच होऊ न देण्याचा प्रयत्न करतात. लेश्मानिया मात्र तिथेच संसार थाटतो.

त्याला तिथे राहता येते याची कारणे अनेक आहेत, पण मला सर्वांत विलक्षण वाटते ते कारण अर्जिनिन या एका अमिनो आम्लाभोवती फिरते. मॅक्रोफेजमध्ये अर्जिनिनला मुख्यतः दोन वाटा असतात. पहिल्या वाटेवर नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर उभे असते. ते अर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड आणि सिट्रुलिन बनवते. दुसऱ्या वाटेवर अर्जिनेज असते. ते त्याच अर्जिनिनचे तुकडे करून ऑर्निथिन आणि युरिया बनवते. हेच विकर आपल्या यकृतातल्या युरिया चक्रातही काम करते. मॅक्रोफेजची मारक क्षमता अर्जिनिनवर अवलंबून असते, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. त्याआधी आक्रमक झालेली मॅक्रोफेज नेमकी कशाने मारते, याचे चित्र बरेच अपुरे होते.

दुसऱ्या वाटेवर तयार झालेले ऑर्निथिन वाया जात नाही. त्यापासून प्युट्रेसिन आणि पुढे स्पर्मिडिन ही पॉलिअमाइने तयार होतात, आणि पेशीविभाजनासाठी ती लागतातच. लेश्मानियाला तर त्यांची दुहेरी गरज असते. एक म्हणजे वाढण्यासाठी. दुसरी म्हणजे त्याच्याकडे ट्रायपॅनोथायॉन नावाचा एक खास रेणू असतो, ज्यात ग्लुटाथायॉनचे दोन रेणू स्पर्मिडिनच्या एका रेणूने सांधलेले असतात, आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून तो परजीवीचे रक्षण करतो. म्हणजे जे अर्जिनिन पहिल्या वाटेने गेले असते तर परजीवीला मारणारा वायू झाले असते, तेच दुसऱ्या वाटेने गेले की त्याचे अन्नही होते आणि त्याची ढालही. परजीवीजवळ स्वतःचे अर्जिनेजही असते आणि अर्जिनिन आत ओढून घेणारी वाहक प्रथिनेही असतात. तरीही यजमान पेशीने स्वतःचे अर्जिनेज वाढवले, तर त्याचे काम आणखी सोपे होते. अँटिमनीची औषधे याच ढालीवर घाव घालतात, हे मागाहून समजले. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यात १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामाइन तयार केले, तेव्हा ट्रायपॅनोथायॉनचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. तरीही त्या औषधाने असंख्य माणसे वाचली.

या दोन विकरांचे स्वभावही पाहण्यासारखे आहेत. नायट्रिक ऑक्साइड सिंथेजला अर्जिनिनची ओढ फार: मायक्रोमोलर इतक्या अल्प प्रमाणातही ते अर्जिनिन पकडते, पण काम सावकाश करते. अर्जिनेजला मिलिमोलर प्रमाणात, म्हणजे भरपूर अर्जिनिन लागते, पण एकदा ते मिळाले की त्याचा वेग सुमारे हजार पट असतो. त्यामुळे कागदावर पाहिले तर दोघे बरोबरीने चालू शकतात. प्रत्यक्षात मात्र अर्जिनेज मोठ्या प्रमाणात तयार झाले, की आसपासचे अर्जिनिन उपसले जाते आणि सिंथेजच्या वाट्याला फारसे उरत नाही. त्यातही निसर्गाने एक सुंदर अडसर ठेवला आहे. पहिल्या वाटेवर मध्येच तयार होणारा हायड्रॉक्सी-अर्जिनिन हा पदार्थ अर्जिनेजला रोखतो. म्हणजे पहिली वाट जोरात चालू लागली की ती दुसरीचे दार ओढून घेते. हाच पदार्थ संसर्ग झालेल्या उंदरांच्या मॅक्रोफेजना बाहेरून दिला, तर आतल्या लेश्मानियाची वाढ मंदावते.

कोणती वाट उघडेल हे ठरवणारे निरोप लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींकडून येतात; टी पेशी हा त्यांचाच एक प्रकार. सी५७ब्लॅक/६ या वाणाच्या उंदराच्या पायात लेश्मानिया मेजर टोचला, तर सूज येते आणि काही आठवड्यांत ती बरी होते. बाल्ब/सी वाणाच्या उंदरात मात्र तीच जखम चिघळत जाते. पहिल्यात टी पेशी इंटरफेरॉन-गामा सोडतात आणि मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइडकडे वळते. दुसऱ्यात सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-४ हा वेगळा निरोप सुटतो आणि मॅक्रोफेज अर्जिनेज बनवू लागते. २००० साली या दोन स्वभावांना एम-१ आणि एम-२ अशी नावे मिळाली. विशेष म्हणजे ती नावे मुळात अर्जिनिनचे काय होते यावरूनच दिली गेली होती, आणि लिम्फोसाइट नसलेल्या उंदरांतही हा फरक दिसत होता. पुढे या नावांचा इतका सैल वापर झाला, की प्रत्येक मॅक्रोफेजवर यांपैकी एक चिठ्ठी चिकटवायची सवयच लागली. मला ती सवय पटत नाही. भिंगाखाली एकाच खाचेत शेजारी शेजारी बसलेल्या दोन पेशीही सारख्या वागत नाहीत.

आणि अर्जिनेजला केवळ शत्रूचा हस्तक समजणे तर सरळ अन्यायाचे आहे. आतड्यातून किंवा ऊतींतून वाट काढत जाणारे जंत असतात, तिथे मारण्यापेक्षा फाटलेले सांधणे जास्त महत्त्वाचे असते. ऑर्निथिनपासून प्रोलिन आणि त्यापासून कोलॅजेन तयार होते, आणि जखम भरून येते. शिस्टोसोमा या कृमीच्या अंड्यांभोवती यकृतात गाठी होतात. ज्या उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये अर्जिनेज नव्हते, त्यांच्यात यकृताचे तंतुमय होणे कमी न होता उलट वाढले. म्हणजे तिथे हे विकर दाह आवरून धरत होते. (या कृमीचा एक लहानसा इतिहास आपल्याकडेही आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण आढळल्याची नोंद १९५० च्या दशकातली आहे.) मोठ्या कृमीविरुद्ध शरीराने घडवलेली ही शहाणी वागणूक लेश्मानियासारखा लहानसा परजीवी आपल्या सोयीसाठी वापरून घेतो, असे माझे या सगळ्याचे आकलन आहे.

अर्जिनिनच्या टंचाईची झळ मॅक्रोफेजपुरती राहत नाही. उंदरांच्या चिघळणाऱ्या जखमांत अर्जिनेजमुळे अर्जिनिन इतके आटते, की तिथे आलेल्या टी पेशींना वाढता येत नाही आणि इंटरफेरॉन-गामाही पुरेसे सोडता येत नाही. ज्या निरोपाने मॅक्रोफेज पहिल्या वाटेला वळली असती, तो निरोप देणारीच उपाशी राहते. ऊर्जेचेही असेच होते. आक्रमक झालेली मॅक्रोफेज ग्लुकोज घाईघाईने जाळते आणि तिचे क्रेब्ज चक्र, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जा मिळवण्याची साखळी, मध्येच खंडित होते. लेश्मानिया इन्फॅन्टमने ग्रासलेली पेशी सुरुवातीला याच घाईत असते, पण काही तासांतच ती मायटोकॉन्ड्रियाच्या संथ ज्वलनाकडे परतते. हे परतणे एएमपीके आणि सर्ट-१ या दोन नियामक प्रथिनांमुळे होते, आणि त्यांना रोखले तर परजीवीला तग धरणे कठीण जाते.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. हे बरेचसे ज्ञान उंदरांचे आहे. माणसाच्या रक्तातून वाढवलेल्या मॅक्रोफेज पेशी प्लेटमध्ये इतका नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत. तीच चाचणी त्यांच्यावर केली, तर राणी रंग चढतच नाही, आणि पहिल्यांदा ती फिकी प्लेट हातात घेतली तेव्हा द्रावणच बिघडले असावे असे समजून मी ते पुन्हा बनवले होते. उंदराच्या जखमेवरून बिहारमधल्या रुग्णाच्या प्लीहेविषयी बोलताना म्हणूनच जपून बोलावे लागते.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. आम्ही पेशी वाढवत होतो तो आरपीएमआय-१६४० हा मीडियम. त्याच्या बाटलीबरोबरच्या तक्त्यात एका लिटरमध्ये २०० मिलिग्रॅम अर्जिनिन असल्याचे लिहिलेले असते, म्हणजे सुमारे १.१५ मिलिमोलर. माणसाच्या रक्तद्रवात ते साधारण ०.१ मिलिमोलर असते. ग्लुकोजही त्यात लिटरला २ ग्रॅम, म्हणजे निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तात असते त्याच्या दुप्पट. तो तक्ता मी कितीतरी वेळा पाहिला होता, पण अर्जिनिनच्या ओळीवर बोट ठेवून कधी वाचला नव्हता. दोन वाटांमधली ओढाताण शोधायला निघालेली मी, पेशींना दहापट अर्जिनिनच्या पंगतीला बसवून त्यांच्याकडून टंचाईतले वागणे पाहू इच्छित होते.

आणि हा आजार पंगतीतल्या लोकांचा नाही. भारतात काळा आजार बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशातल्या गरीब वस्त्यांतून राहिला, मातीच्या ओलसर भिंतींच्या भेगांत वालुमाशी जिथे वाढते तिथे. संसर्ग झालेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. बहुतेकांच्या शरीरात तो निमूटपणे आवरला जातो. कुपोषित मुलांमध्ये मात्र तो उफाळून येण्याचा धोका जास्त असतो. औषधांनी आणि फवारणीने गेल्या काही वर्षांत रुग्ण खूप कमी झाले आहेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण कोणाच्या शरीरात परजीवी आवरला जातो आणि कोणाच्या नाही, याचे उत्तर ताटात काय पडते याच्याशी जोडलेले असणार, असे मला मनापासून वाटते.

तो तक्ता नीट वाचल्यानंतर मी अर्जिनिन नसलेला मीडियम मागवला आणि त्यात मोजून ०.१ मिलिमोलर अर्जिनिन घातले. उंदराच्या त्याच पेशी, तेच इंटरफेरॉन, तोच लायपोपॉलिसॅकराइड. दहा मिनिटांनी प्लेट बाहेर काढली, तेव्हा परजीवी अजिबात नसलेल्या पेशींच्या ओळीचा रंगही नेहमीपेक्षा कितीतरी फिकट होता. संसर्ग झालेल्या पेशींच्या ओळीत मला रंग शोधण्यासाठी प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवावी लागली.