शेवटची लाँच गेल्यानंतर

घारापुरीत रुसून निघून जाण्याची सोय नाही. गेटवे ऑफ इंडियाकडे परतणारी शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटली, की बेटावर उरतात ती शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांतली माणसे, त्यांच्या कोंबड्या आणि पर्यटकांच्या हातची थंड पेये हिसकावून तृप्त झालेली माकडे. मी लालबागच्या चाळीत वाढलो. तिथे रागावलेला माणूस दार आपटून खाली उतरतो, नाक्यावर चहा घेतो आणि वाटल्यास दुसऱ्या नातेवाइकाकडे मुक्कामाला जातो. आमच्या आजोळी मात्र त्याच माणसाला ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याच शेजारी, त्याच ओटीवर पथारी पसरावी लागे आणि सकाळची पहिली लाँच लागेपर्यंत भांडणाचे कारण दोघांनाही धड आठवत नसे. आमचे एवढे मोठे कुटुंब अजून एकत्र आहे, त्याचे निम्मे श्रेय मी लाँचच्या वेळापत्रकाला देतो.

मावशीचे यजमान नवे जावई असताना एकदा मानपानावरून रुसले. पंगतीत त्यांच्या आधी कोणाच्या तरी ताटात कोलंबी पडली होती. ते तडक उठले, बॅग उचलली आणि अंधारात लांबलचक जेट्टीवरून चालत टोकापर्यंत गेले. लाँच केव्हाच गेली होती. मामाची होडी होती, पण ओहोटीमुळे ती चिखलात रुतून एका कुशीवर कलंडली होती. समोर मुंबईचे दिवे लखलखत होते, बाजूला जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या दिसत होत्या आणि मध्ये बॅगेवर बसलेले आमचे काका. आजीने आधी कंदील घेऊन आम्हा मुलांना पाठवले, पण काकांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. मग ती स्वतः तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि वाटीभर कोलंबी असे ताट पदराखाली झाकून घेऊन गेली आणि म्हणाली, ‘‘जावयबापू, भरतीला येल हाय, तवर जेवून घ्या.’’ परत चला, असे तिने एका शब्दानेही म्हटले नाही. जाणाऱ्या माणसाची शिदोरी म्हणून दिलेले ताट नाकारण्याचे काहीच कारण नव्हते, त्यामुळे काकांचा राग अबाधित राहिला आणि पोटही भरले. भरती आली तेव्हा ते ओटीवर घोरत होते. हा प्रसंग आता प्रत्येक लग्नात काका स्वतःच सांगतात आणि कोलंबीचा आकार दरवेळी थोडा वाढतो.

बेटावर वारालाही वेगळा अर्थ असतो. लेणी सोमवारी बंद असतात. लेण्यांकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर मामाचे दगडी हत्ती, माळा आणि टोप्यांचे दुकान असल्यामुळे आजोबा मुहूर्तासाठी पंचांग उघडण्याआधी वार पाहत. घरातले साखरपुडे, जमिनीची बोलणी, उरणला तालुक्याच्या कचेरीत जाणे, सारे काही सोमवारी होई. 1987 मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आजीच्या दृष्टीने मात्र त्या वारशाचा मोठा उपयोग हा, की सुनेला आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी मिळते.

आजी लालबागला आली की राणीच्या बागेत जायचा हट्ट धरी. वाघ, माकडे यांत तिला रस नव्हता. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी आमच्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो तिथे संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला आणि पुढे त्याचे तुकडे जोडून त्याला भायखळ्याला उभे करण्यात आले. आजी त्याला माहेरच्या माणसाप्रमाणे भेटे, त्याच्या सांध्यांवरच्या रेघा डोळे बारीक करून पाही आणि बरा दिसतोस, असे सांगून निघे. तिकीट खिडकीवर तिने एकदा ठामपणे विचारले होते, की आमच्याच गावच्या हत्तीला भेटायला आम्ही पैसे का द्यायचे. खिडकीतला माणूस हसत हसत बराच वेळ तिच्याशी बेटाबद्दल बोलत राहिला. पैसे त्याने घेतलेच, पण तिला परत कधी जायचे आहे याची आपुलकीने चौकशीही केली.

वीज येण्यापूर्वी संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर चाले. आमच्या घरी टीव्ही होता आणि निम्मी वस्ती मालिका पाहायला ओटीवर जमे. खलनायिका दागिन्यांची पेटी घेऊन पळत असे, नायिका जिन्यावर उभी राहून ओरडत असे आणि नेमक्या त्याच क्षणी जनरेटर बंद होऊन सगळीकडे काळोख पसरे. मग उरलेला भाग आजी सांगे. तिच्या कथानकांत एक गोष्ट कधीच बदलली नाही: पळून जाणाऱ्या माणसाची लाँच हमखास चुकायची. घर कोल्हापुरातले असो की दिल्लीतले, पळणारा शेवटी धक्क्यावर अडकायचा, कोणीतरी त्याला जेवायला घालायचे आणि तिथेच तो सगळे कबूल करायचा.

फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून बेटावर वीज आली. मामीने फ्रिज घेतला. मुंबईहून गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ वितळायच्या आत संपवण्याची धावपळ थांबली. त्या रात्री मालिकेचा भाग सगळ्यांनी आपापल्या घरी शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर जमलेल्या बायकांनी तरीही आजीला विचारले, की काल पुढे काय झाले. आजीने हंडा खाली ठेवला, नव्याने सगळे सांगितले आणि खलनायिकेला भाऊच्या धक्क्यावर पकडून दिले.