डंकरी ते हॉर्नर

आज इंग्लंडमधल्या एक्समूरला माउंटन बाइक काढली. डंकरी बीकन हा सॉमरसेट परगण्याचा सर्वांत उंच माथा. उंची ५१९ मीटरच, पण समोरच्या वाऱ्याने पार दमवलं. खरी मजा उताराला! हेदरच्या खुरट्या झुडपांचं माळरान संपतं आणि हॉर्नरचं ओकचं जंगल सुरू, १६०० सालाच्याही आधीपासूनचं. खोडांवर शेवाळ आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद इतके, की साल दिसेना. ओल्या मुळांवर चाक सटकलं की ब्रेक दाबायचा नाही, सोडायचा. हे हातांना पटवणं महाकठीण. खाली ओढा ओलांडताना बुटांत पाणी. ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठीच्या वाटेवर, १९६८च्या कायद्याने सायकलींना मुभा आहे, पण घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. मी इमानदारीत थांबलो, तर एका आजींचा घोडा मलाच बघून अडून बसला. शेवटी सायकल झुडपात घातली, तेव्हा कुठे साहेब हलले.