एवढी एक वाट जँगोला वळसा घालून

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट जँगोवर (पायथॉनमध्ये साइट बांधायची चौकट) चालते, पुढे रिक्वेस्ट झेलणारा वेब सर्व्हर एन्जिनएक्स. येणारी प्रत्येक रिक्वेस्ट जँगोकडे जाते आणि लॉगिन केलेलं नसेल तर तो लॉगिनच्या पानावर धाडतो. सभासदांसाठी हे उत्तमच. पण एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचा सर्व्हर, साइट आमचीच आहे हे पडताळायला, पोर्ट ८० वर (साध्या एचटीटीपीच्या दारावर) '/.वेल-नोन/ॲक्मी-चॅलेंज/' खालची छोटीशी फाइल मागतो, तेव्हा त्याच्याही हाती लॉगिनचं पान पडतं आणि सर्टिफिकेट अडतं.

त्यासाठी जँगोच्या कोडला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्या बाजूने सर्टिफिकेट मागणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅमने ती फाइल डिस्कवर ठेवलेलीच असते. ती द्यायला पायथॉन कशाला जागं करायचं? एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये या पत्त्याचा वेगळा लोकेशन ब्लॉक (कोणत्या पत्त्याचं काय करायचं ते सांगणारा भाग) लिहायचा. त्यात रिक्वेस्ट जँगोकडे धाडणारा प्रॉक्सी-पास नाही, फक्त फायलींचं फोल्डर सांगणारा रूट.

सगळी मेख ब्लॉकमध्ये पत्त्याआधी लिहायच्या '^~' या खुणेत आहे. एन्जिनएक्स सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) हेरतो, पण तिथे थांबत नाही; मग रेजेक्सचे (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राचे) ब्लॉक वरून खाली तपासतो आणि पहिला जुळेल तो घेतो. '^~' असेल तर रेजेक्सकडे वळतच नाही. ठिपक्याने सुरू होणाऱ्या फायली अडवणारा रेजेक्स पुष्कळांच्या कॉन्फिगमध्ये असतो (असावाच!), आणि '.वेल-नोन' नेमकं त्यात सापडतं.

रूट आणि एलियस (फोल्डर सांगायचा दुसरा आदेश) यांत गल्लत नको: रूटमागे अख्खा पत्ता जोडला जातो, एलियसमध्ये जुळलेला भाग गळतो. बदल केल्यावर आधी 'एन्जिनएक्स -टी' (कॉन्फिगमधल्या चुका तपासणारी आज्ञा), मगच रीलोड.