वाडा वाचेल का?

"ताई, आमचा वाडा वाचेल का? सगळे म्हणतात पाडून टाका." पुण्यातल्या पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते म्हटल्यावर हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लाकूड बहुतेक वेळा वाचतं. वाडा वाचेलच असं नाही.

आधी लाकडाचं बघू. वाड्याचा भार मुख्यतः सागवानी सांगाडा पेलतो: खांब, तुळया, वर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर टेकवलेला असतो, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरलेले खांब लक्ष्मी रस्त्याहून चार पावलांवर आहेत. जाऊन नीट बघा. दोनशे वर्षं सागाला फार नाहीत.

वाड्याला मारतं ते पाणी. तुळई भिंतीत शिरते ते टोक मी पहिल्यांदा बघते. फुटक्या कौलातून गळलेलं, किंवा वरच्या मजल्यावर मागाहून काढलेल्या मोरीतलं पाणी नेमकं तिथे मुरतं. बाकीची तुळई खणखणीत आणि ते वीतभर टोक भुसा झालेलं, असं कितीदा तरी दिसतं. पेचकस टोचला की चांगल्या सागात तो जागीच अडतो, कुजलेल्यात मुठीपर्यंत जातो. तेवढा भाग कापून नव्या सागाचा सांधा द्यायचा, खालून टेकू लावून काम करायचं. त्यासाठी अख्खा वाडा पाडावा लागत नाही. त्याहून जास्त जीव तुटतो तो सिमेंटचा गिलावा बघून. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि शेजारचं लाकूड ती पीत राहतं. घरच्यांनी हे पदरचे पैसे घालून, वाड्याच्या प्रेमापोटी केलेलं असतं.

मग वाडे का पडतात? कौलं कोणी चाळायची, म्हणजे उतरवून फुटकी बदलून पुन्हा कोणी रचायची, हे ठरत नाही म्हणून. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्या टंचाईच्या काळात माणसांना डोक्यावर छप्पर राखून दिलं, ते योग्यच होतं. पण भाडी तिथेच गोठली. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्या गोठलेल्या आकड्यावर. अशा भाड्यात मालकाला छप्पर परवडत नाही, आणि घर आपलं नाही म्हणून भाडेकरू खर्च करत नाही. तोवर वारसांची दुसरी पिढी येते, कोणी कोथरूडला, कोणी परदेशात, आणि एका कागदावर सगळ्यांच्या सह्या होत नाहीत.

यात भाडेकरूला खलनायक ठरवणं मला पटत नाही. दोन अंधाऱ्या खोल्या आणि चौकापलीकडचा सामायिक संडास यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने लिफ्ट आणि स्वतःचं न्हाणीघर मागितलं तर ती गरज आहे. ती भागवल्याशिवाय जतनाच्या गप्पा मारणं अन्यायाचं आहे. वाड्यात चांगली न्हाणीघरं करता येतात. फक्त ती लाकडावर न लादता, वेगळा आधार देऊन करायची.

हेरिटेज यादीत नाव आलं म्हणजे वाडा सुटला, असंही नाही. यादी पाडायला अडवते, कौलं घालत नाही. मालकाला मोबदल्यात टीडीआर, म्हणजे इथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, देण्याची तरतूद नियमांत आहे, पण तिचा उपयोग छप्पर शाबूत असेपर्यंतच. वेळ गेली की काय होतं, ते भिडेवाड्यात दिसलं. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी जिथे मुलींची शाळा काढली, तो वाडा जागेचा वाद कोर्टात चालू असताना जर्जर होत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. स्मारक व्हायलाच हवं. पण त्या मुली ज्या भिंतींमध्ये बसल्या, त्या आता नाहीत.

म्हणून मला बोलवण्याआधी मृग लागायच्या आत कौलं चाळून घ्या आणि वारसांना एकत्र बसवा. धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर ती दुर्लक्षू नका, टेकू लगेच लावा, माणसं हलवा. पण लाकडी बांधकाम कळणाऱ्या माणसाकडून दुसरा अहवाल घेतल्याशिवाय पाडकामाच्या कागदावर सही करू नका. आरसीसी इमारतीच्या मापाने तपासला तर वाडा नापासच होतो.