मण कोणता, होन कोणता

6 जून

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा दिवस. 1674 सालच्या या सोहळ्याची गोष्ट निघाली की बत्तीस मण सोन्याचं सिंहासन निघतंच. हा आकडा कृष्णाजी अनंत सभासद या बखरकाराच्या बखरीतला. ती त्याने 1697च्या सुमारास तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात, राजाराम महाराजांसाठी लिहिली. म्हणजे सोहळ्यानंतर वीसेक वर्षांनी, रायगड हातचा गेलेला असताना.

बत्तीस मण म्हणजे किती? आधी मण कोणता ते ठरवावं लागतं. चाळीस शेरांचा मण घेतला, तरी शेर कच्चा की पक्का हा प्रश्न उरतोच. कच्चा शेर 24 तोळ्यांचा, पक्का 80 तोळ्यांचा. तोळा 11.66 ग्रॅमचा धरला (हा इंग्रजी अमलातला ठरीव तोळा, जुना थोडा इकडेतिकडे असायचा), तर कच्च्या मापाने मण भरतो साधारण 11.2 किलो आणि बत्तीस मण होतात 358 किलो. पक्क्या मापाने तेच 1,194 किलो. आकडा एकच, पण फरक तिपटीहून जास्त. त्यात मुलखामुलखाचा मण निराळा, काही ठिकाणी चाळीस शेरांपेक्षा बराच लहान. बाराशे किलो सोनं होतं असं छातीठोक सांगणाऱ्याने मापाचा निर्णय गुपचूप घेऊन टाकलेला असतो.

सोनं जड असतं, एका लिटरला 19.3 किलो. म्हणजे 358 किलो सोनं वितळवून ओतलं तर साडेअठरा लिटर भरेल, पाण्याच्या एका मोठ्या जारएवढं. एवढ्यात भरीव सिंहासन होत नाही. लाकडी सांगाड्यावर जाड पत्रा चढवला तर मात्र उत्तम होतं.

आणि बत्तीसच का? विक्रमादित्याच्या सिंहासनाला बत्तीस पुतळ्या, उत्तम पुरुषाची लक्षणं बत्तीस. ‘बत्तीसलक्षणी’ हा शब्द अजून घरोघरी आहे. सभासदाने वजन सांगितलं की हा राजा कोणत्या पंक्तीला बसतो ते सांगितलं? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. तराजू त्याच्यासमोर नव्हता, सिंहासनबत्तिशी मात्र प्रत्येकाच्या कानात होती. यात त्याने खोटं लिहिलं असं मुळीच होत नाही. हरवलेल्या गडाचं वैभव सांगायला त्याला हाच आकडा योग्य वाटला असणार.

7 जून

त्याच बखरीत सोहळ्याचा खर्च दिलाय, एक कोटी बेचाळीस लाख होन. होन म्हणजे सोन्याचं नाणं, आणि महाराजांच्या शिवराई होनाचं वजन 2.8 ग्रॅमच्या आसपास. गुणाकार केला तर जवळजवळ 40 टन सोनं होतं. होनाला साडेतीन रुपये धरले तर पाच कोटी रुपये, आणि 1664 च्या सुरतेच्या लुटीचा अंदाज एक कोटी रुपयांच्या घरातला. पाच सुरती एका सोहळ्यात? हा आकडा मला जमाखर्चातला वाटत नाही, स्तुतीतला वाटतो.

याच्या शेजारी हेन्री ऑक्सेंडनची टिपणं ठेवावीत. तो इंग्रजांचा वकील म्हणून त्या वेळी रायगडावर होता. महाराजांची सुवर्णतुला झाली आणि सुमारे 16,000 होन लागले, असं तो लिहितो. हे पडताळता येतं. 2.8 ग्रॅमचा होन धरला तर वजन येतं 44.8 किलो. घोड्यावर आयुष्य काढलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाला ते फारच कमी. दक्षिणेकडचा 3.4 ग्रॅमचा जड होन धरला तर 54.4 किलो, हे पटण्याजोगं. म्हणजे पारड्यात एकटे शिवराई होन नसावेत, जुने जड होनही असावेत. सभासदच खजिन्यातल्या नाण्यांची यादी देतो. तीत शिवराई होनाबरोबर पातशाही होन, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई अशी नावं आहेत. विजयनगर मोडून शतक उलटलं होतं तरी तिथल्या राजांची नाणी रायगडावर चालत होती. चूक होते ती इथेच. वाचणारा ‘होन’ म्हणजे एकच नाणं समजतो. सराफ तसं कधी समजला नाही. प्रत्येक नाण्याचा कस पाहून तो बट्टा, म्हणजे वजावट, लावायचा.

ऑक्सेंडनने आणखी एक गोष्ट टिपलीय आणि ती मला सगळ्या सोन्याहून मोलाची वाटते. सिंहासनाच्या बाजूला भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मत्स्यमुखं होती, घोड्यांची पुच्छं होती, आणि एका भाल्यावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू. ही न्यायाची खूण आहे हे त्या परक्या माणसालाही कळलं.

9 जून

तुकोबा वाण्याच्या घरचे. त्यामुळे पैशाबद्दल बोलताना त्यांचे शब्द दुकानातले येतात. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी.’ यात धन सोडून द्या असं नाही. जोडा, पण व्यवहार चोख ठेवा, आणि खर्चताना जीव अडकवू नका. ‘वेच’ म्हणजे खर्च, जमेच्या समोरची बाजू. ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान’ मधलं ‘आटिलें’ हे विहिरीच्या पाण्याचं क्रियापद. 1630-32 च्या दुष्काळात दोन्ही खरोखरच आटली.

संतचरित्रकार महिपतीच्या कथेप्रमाणे त्यांनी कर्जाची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, पण आधी भाऊ कान्होबाच्या वाटणीची निम्मी वेगळी काढून दिली. हा तपशील सांगताना बरेचदा गळतो. गळू नये. भावाचं येणं बुडवून आपलं वैराग्य साधायचं नाही, हा चोख व्यवहारच आहे.

12 जून

‘श्रीमंत’ ही पेशव्यांच्या नावामागची पदवी. आता कागद बघा. 1719 साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सहा सुभ्यांची कागदोपत्री जमा सुमारे 18 कोटी रुपये. त्याची चौथाई साडेचार कोटी, सरदेशमुखीचा दहावा हिस्सा 1 कोटी 80 लाख. पण ‘जमा’ म्हणजे आकारणी, वसूल नव्हे. वसुलाला फौज लागते आणि फौजेला पैसा. चौथाईचे वाटे पाहिले की पैसा जायचा कुठे ते कळतं. शंभरातले 25 बाबतीचे, राजाचे. 66 मोकाशाचे, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. 6 साहोत्र्याचे, 3 नाडगौडीचे, म्हणजे इतर हक्कदारांचे. मोठा वाटा तिजोरीत न येता घोड्यांच्या चंदीत जायचा.

म्हणूनच माळव्यापर्यंत धडक मारणारा थोरला बाजीराव धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना कर्जाबद्दल कळवळून लिहितो. सावकारांच्या पाया पडून कपाळाची कातडी गेली, असा त्याचा आशय. स्वामी स्वतःही सावकारी करत. त्या पत्रांत मला पुण्याचा थाट दिसत नाही, शिलेदारांचा थकलेला पगार दिसतो.

13 जून

पानिपतची बातमी नानासाहेबांना जानेवारी 1761 मध्ये एका सावकारी पत्रातून कळली. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा मजकूर. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. सांकेतिक भाषा म्हणून हे पत्र सांगितलं जातं. पण त्यातला हिशोब पुरा नाही, हे सांगितलं जात नाही. हुंडीच्या कागदात दमडीचाही मेळ लागायला हवा, नाहीतर तो कागद परत येतो. इथे मोत्ये मोजली, मोहरा मोजल्या आणि खुर्दा न मोजताच ओळ संपवली.

खुर्दा म्हणजे तांब्याची नाणी, बहुतेक शिवराया. सोन्याचा शिवराई होन आज क्वचितच कुणाच्या नजरेस पडतो. तांब्याची शिवराई मात्र थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात फिरत राहिली, हातोहात झिजत, अक्षरं पुसट होईपर्यंत.