गाडी आधी उलटी धरा: जुन्या डायकास्ट गाड्यांमधले फरक ओळखताना

जुनी डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली खेळण्यातली गाडी हातात आली की नजर आधी रंगावर जाते. अमुक मॉडेल तमुक रंगात दुर्मीळ, हे संग्राहकांना पाठच असतं. पण रंग हीच गोष्ट सगळ्यात सहज बदलता येते. म्हणून गाडी आधी उलटी धरायची. चाकं, अ‍ॅक्सलची टोकं, बेसवरची (गाडीच्या तळावरची) अक्षरं आणि बेस जोडणारा रिव्हेट यांच्यावरून गाडीचा काळ ठरवायचा आणि मगच रंग त्या काळात बसतो का ते बघायचं. हा क्रम अंगवळणी पडला की बऱ्याच बनावट गाड्या रंगापर्यंत पोचायच्या आधीच उघड्या पडतात.

व्हेरिएशन, म्हणजे एकाच मॉडेलमधले फरक, मुळात येतात कुठून, हे कळलं की ती लक्षात ठेवायला सोपी जातात. पोलादी साच्यात वितळलेला जस्ताचा मिश्रधातू दाबाने भरतात. हजारो गाड्या ओतल्या की साच्याच्या कडा झिजतात, बारीक खांब अर्धवट भरले जातात, बंपरची टोकं तुटायला लागतात. मग तिथे एखादी बरगडी वाढवली जाते, छताचा खांब जाड केला जातो, बेसवर पेटंटचा मजकूर कोरला जातो. सुट्या भागांचंही तसंच. नवी चाकं आली म्हणून जुनी कोणी फेकून देत नाही, साठा संपेपर्यंत दोन्ही वापरली जातात. रंगाची नवी खेप आली की छटा थोडी सरकते. मॉडेलचा नंबर मात्र तोच राहतो. त्यामुळे एकाच नंबरखाली पाच, दहा, कधी त्याहून जास्त फरक सापडतात, आणि ते आगेमागे कसे आले हे गाडीकडे बघूनच ठरवावं लागतं.

मॅचबॉक्सच्या गाड्या हे शिकायला सगळ्यात चांगल्या. लेस्नी प्रॉडक्ट्स ही कंपनी १९४७ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली आणि १९५३ पासून तिची मॅचबॉक्स ही छोट्या गाड्यांची मालिका आली. पुढे ती १ ते ७५ नंबरांवर स्थिरावली. एखादं मॉडेल बंद झालं की त्याच नंबरावर नवं मॉडेल यायचं, म्हणून संग्राहक ५ए, ५बी, ५सी अशी अक्षरं जोडतात. नुसता ‘पाच नंबरची बस’ असा उल्लेख असेल तर नेमकी कोणती ते आधी विचारा.

सुरुवातीच्या गाड्यांना धातूची चाकं होती. १९५७-५८ च्या सुमारास राखाडी प्लॅस्टिकची चाकं आली, मग थोडा काळ काही मॉडेलांवर चंदेरी प्लॅस्टिकची आणि त्यानंतर काळी. संग्राहकांच्या यादीत एमडब्ल्यू, जीपीडब्ल्यू, एसपीडब्ल्यू आणि बीपीडब्ल्यू असं लिहिलेलं असतं ते अनुक्रमे याच चार प्रकारांबद्दल. प्लॅस्टिकच्या चाकांमध्येही खाचांची संख्या बदलते: काहींवर बारीक दाट खाचा, काहींवर जाड विरळ खाचा. साध्या डोळ्यांना हा फरक चटकन दिसत नाही. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. त्याहून ताकदवान भिंगात एका वेळी फार थोडा भाग दिसतो आणि तुलना करताना गोंधळ उडतो.

अ‍ॅक्सलची टोकं चाकांइतकीच बोलकी असतात. जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सलचं टोक चिमट्याने दाबल्यासारखं चपटं असतं. नंतरच्या गाड्यांत ते घुमटासारखं गोल केलेलं असतं. हा बदल आणि राखाडी चाकांचं आगमन साधारण एकाच सुमाराचं, म्हणून राखाडी चाकं दोन्ही तऱ्हेच्या टोकांवर मिळतात. पण काळी चाकं आणि चपटी दाबलेली टोकं असलेली गाडी समोर आली तर थांबायचं. चाकं बदलायची तर अ‍ॅक्सलचं एक टोक उघडावंच लागतं. त्याच्या खुणा उरतात: टोकावर कानशीचे ओरखडे, एकाच बाजूला ताजी चकाकी, एक टोक दुसऱ्याहून जाड किंवा चाकाच्या आत गोंदाचा चकाकता थेंब. चारही टोकं एकाच भिंगाखाली, एकाच उजेडात बघा. तीन मळकट आणि एक स्वच्छ असेल, तर ते एक टोक कुणीतरी हाताळलेलं आहे.

इथे एक सावधगिरी हवी. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर वेगवेगळ्या खाचांची चाकं मिळणं हे आपोआप बनावटीचं लक्षण नाही. कारखान्यात डब्यातून हाताला येईल ती चाकं बसवली जात. वेगळी चाकं पण चारही टोकं सारखी जुनी, अशी गाडी खरी असू शकते. अशा गाडीला काही जण वेगळं व्हेरिएशन म्हणून चढी किंमत सांगतात, ते मात्र मला पटत नाही. तो निव्वळ योगायोग असतो, त्यामागे कारखान्याचा बदल नसतो.

मॅचबॉक्सची ४६ नंबरची, पिकफर्ड्स या घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या नावाची व्हॅन उदाहरणादाखल जवळून बघू. ती गडद निळ्या रंगात आली आणि नंतर हिरव्या. बाजूवरचं डेकॅल, म्हणजे चिकटवलेलं छापील चित्र-अक्षरं, दोन ओळींचं आणि तीन ओळींचं, असं दोन प्रकारचं. निळ्या व्हॅनवर दोन्ही डेकॅल सापडतात, हिरव्यावर तीन ओळींचं. हिरव्या व्हॅनवर दोन ओळींचं डेकॅल दिसलं, तर आधी संशय डेकॅलवर घ्यायचा. डेकॅल नवं लावलंय का हे कडेवरून कळतं. जुन्या डेकॅलची पारदर्शक कड पिवळसर पडलेली असते आणि रंगात जवळजवळ मिसळून गेलेली असते. नव्याची कड तिरप्या उजेडात उंच आणि चकचकीत दिसते. शिवाय जुन्या गाडीवरचा ओरखडा डेकॅल आणि रंग दोन्हींवरून सलग जातो. ओरखडा डेकॅलच्या कडेपाशी येऊन अचानक थांबत असेल, तर डेकॅल ओरखड्यानंतर आलेलं आहे. याच व्हॅनवर इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या बील्स या दुकानासाठी फिकट तपकिरी रंगात एक जाहिरातीची आवृत्ती निघाली होती. ती दुर्मीळ आणि महाग, म्हणून तिची बनावटही भरपूर. ती विकत घेताना फोटोवर विसंबू नये.

रंग बदललेली गाडी ओळखायची खात्रीची जागा म्हणजे रिव्हेट. कारखान्यात बहुतेक मॉडेलांचा सांगाडा आधी रंगवला जाई, मग बेस बसवून सांगाड्याच्या आतला खुंट ठोकून पसरवला जाई. त्यामुळे खऱ्या गाडीच्या रिव्हेटच्या डोक्यावर ठोकलेला उघडा धातू दिसतो. तिथे सांगाड्याचा रंग चढलेला असेल तर गाडी जोडल्यानंतर रंगवली. रिव्हेटच्या मध्यभागी ड्रिलचं भोक, स्क्रू किंवा गोंद दिसला तर गाडी उघडून पुन्हा जोडलेली आहे. बेस काढून रंगवणारे हुशार लोक रिव्हेटचं डोकं शिशाने किंवा इपॉक्सीने पुन्हा भरतात. अशा डोक्यावर टाचणीचं टोक हलकेच टेकवून बघा. इपॉक्सी किंचित दबते, जस्त दबत नाही. मात्र ही चाचणी विकणाऱ्याला विचारूनच करायची. फिकटलेला रंग हा वेगळा मुद्दा. उन्हाने लाल नारिंगी होतो, तेव्हा ‘दुर्मीळ नारिंगी’ म्हणून दाखवलेल्या गाडीच्या बेसच्या कडेखाली आणि दाराच्या फटीत मूळ छटा शोधा. ऊन तिथे पोचलेलं नसतं.

अतिनील टॉर्च उपयोगी आहे, पण ती एकटी पुरावा होत नाही. आजचे अनेक गोंद आणि काही रंग तिच्याखाली वेगळे चमकतात. ज्या गाडीबद्दल शंका नाही अशी त्याच काळातली गाडी शेजारी ठेवूनच तुलना करा. खोक्यांनाही तीच रीत. नव्या छापाचा पांढराशुभ्र पुठ्ठा निळसर चमकतो, जुना सहसा मळकट दिसतो. मॅचबॉक्सच्या सुरुवातीच्या खोक्यांवर मोको हे वितरकाचं नाव असतं, पुढे ते गेलं. १९६० च्या दशकातल्या मॉडेलासोबत मोकोचं खोकं विकायला आलं, तर दोन्ही वस्तू खऱ्या असूनही जोडी जुळवलेली असू शकते.

१९६८ मध्ये मॅटेलने हॉट व्हील्स आणल्या आणि सगळा बाजार हलला. पातळ अ‍ॅक्सल, कमी घर्षणाची चाकं, उतारावर वेगाने धावणाऱ्या गाड्या. लेस्नीला १९६९ मध्ये सुपरफास्ट नावाच्या तशाच वेगवान चाकांकडे वळावं लागलं. संक्रमणाच्या या दोन-तीन वर्षांत सगळ्यात मजेशीर व्हेरिएशन सापडतात. आधी जुन्याच सांगाड्यांना पातळ अरुंद चाकं बसवली गेली, मग रुंद चाकं आली आणि त्यांच्यासाठी अनेक साच्यांतल्या चाकांच्या कमानी मोठ्या केल्या गेल्या. म्हणून अरुंद चाकं आणि वाढवलेली कमान असं दिसलं तर प्रश्न विचारायचा. उलट बाजूने, जुन्या सांगाड्याला नंतरची चाकं कोंबलेली असतील तर ती कमानीला घासतात आणि गाडी अडखळत चालते. काचेच्या तुकड्यावर बोटाने ढकलून बघितलं की लगेच कळतं.

हॉट व्हील्समध्ये १९७७ पर्यंतच्या लाल रेघेच्या चाकांच्या गाड्या संग्राहकांच्या जास्त आवडीच्या. बेसवर अमेरिका की हाँगकाँग ते आधी वाचा. सुरुवातीच्या हाँगकाँगच्या गाड्यांना सहसा निळसर काच आणि अमेरिकेच्या गाड्यांना बिनरंगी काच असते. अमेरिकेच्या बेसवर निळी काच दिसली तर बेस बदलला असण्याची शक्यता धरून रिव्हेट तपासा. स्पेक्ट्राफ्लेम हा पारदर्शक रंग चकचकीत धातूवर चढवलेला असतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत खालचा धातू पुरेसा चमकत नाही आणि रंग दाट, पिठूळ वाटतो.

कॉर्गी या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांत मुख्य फरक सुट्या भागांचे आणि यंत्रणेचे. जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन १९६५ मध्ये २६१ नंबरने सोनेरी रंगात आली. १९६८ ची २७० नंबरची गाडी चंदेरी, आकाराने मोठी, फिरत्या नंबरप्लेटची. तिच्या पहिल्या आवृत्तीत चाकांतून बाहेर येणारी टायर फाडायची पाती होती, नंतर ती गेली. या गाड्यांत सीटमधून उडणारा माणूस हमखास हरवतो आणि त्याची नक्कल सर्रास मिळते. नक्कल लावलेली चालेल, पण तसं लिहून विकलं पाहिजे.

जुन्या डिंकी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. डिंकी हे नाव १९३४ पासूनचं, लिव्हरपूलच्या मेकानोचं. युद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचा धातू आता सडतो आहे. जस्ताच्या मिश्रधातूत सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यात शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी थोडं जरी मिसळलं तरी धातूच्या कणांच्या सीमांवर गंज चढत जातो. आजच्या मानकात शिशाची मर्यादा ०.००५ टक्क्यांच्या आसपास आहे, यावरून नाजूकपणाची कल्पना येईल. तेव्हा भट्टीत भंगार किंवा शिशाचे तुकडे पडले की ती खेप बिघडली. इंग्लंडमधले जुने संग्राहक याला मेटल फटीग म्हणतात. लक्षणं अशी: रंगाखाली कोळिष्टकासारख्या बारीक भेगा, छत किंवा बंपर वाकलेला, बेस सांगाड्याबाहेर आलेला, चाकांचे हब फुटलेले. गाडी फुगून लांबही होते, म्हणून चांगल्या गाडीची लांबी व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावी. यावर इलाज नाही. गोंद भरला तरी आतली प्रक्रिया थांबत नाही, उष्णता आणि दमटपणा तिला वेग देतात. एक दिलासा आहे: ती शेजारच्या गाडीला लागत नाही.

साफसफाईत कमीत कमी हात लावावा. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश. डेकॅल किंवा कागदी लेबल असेल तर गाडी बुडवायची नाही, ओल्या कापसाने आजूबाजूचाच भाग पुसायचा. स्पिरिट किंवा थिनर तर अजिबात नको. धुतल्यावर गाडी उलटी ठेवून पूर्ण वाळू द्या, कारण पाणी अ‍ॅक्सलपाशी साचतं आणि पोलादी अ‍ॅक्सलचा गंज प्लॅस्टिकच्या चाकात उतरतो. गंजलेला अ‍ॅक्सल चकचकीत घासू नये. त्यावरचा जुनेपणा हाच पुढे खरेपणाचा पुरावा असतो.

साठवणीसाठी मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, त्यातला प्लास्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) रंगाला चिकटतो. मऊ टायर प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला वर्षानुवर्षं टेकून राहिले तर तो भाग वितळल्यासारखा होतो, म्हणून खाली आम्लविरहित कागद घाला. ओक लाकडाचं कपाटही नको. त्यातून निघणारी आम्लाची वाफ शिशावर आणि जस्तावर पांढरी भुकटी आणते. दमटपणा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर उत्तम. सिलिका जेल ठेवलंत तर ते वेळच्या वेळी सुकवत चला.

नोंद ठेवताना रंगाचं नाव शेवटी लिहा. आधी बेसवरचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा, मग चाकांचा रंग आणि खाचा, अ‍ॅक्सलची टोकं, काच आहे की नाही आणि तिची छटा, आतली सीट, टो हुक, डेकॅल, खोक्याचा प्रकार. सोबत बेसचा, दोन्ही बाजूंचा आणि एका अ‍ॅक्सलच्या टोकाचा फोटो, दिवसाच्या उजेडात. शेवटी कोड. कारखान्यातच पूर्ण झालेली गाडी कोड १, कंपनीच्या परवानगीने बाहेर बदललेली कोड २, परवानगीविना बदललेली कोड ३. कोड ३ च्या गाड्या सुंदर असू शकतात आणि संग्रहात त्यांना जागाही आहे, फक्त त्यांच्या खालच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असावं.